रडणे आणि भांडणे यांच्या मधली वाट : कैद्यांच्या हक्कांसाठी संवाद कसा साधावा

मुंबई मध्यवर्ती कारागृह ज्या रस्त्यावर आहे त्याला साने गुरुजींचे नाव दिलेले असले, तरी मुलाकातीला येणारे लोक टॅक्सीवाल्याला अजून ‘आर्थर रोड जेल’ असेच सांगतात. गुरुजी स्वतः धुळ्याच्या आणि नाशिकच्या तुरुंगात राहिलेले होते, हे त्या दारात उभी असताना मला दर वेळी आठवते. काही वर्षांपूर्वी तेथल्या रांगेत एक मावशी भेटल्या. त्यांच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत टॉवेल होता, दोन बनियन होते आणि नाडी असल्यामुळे आत न घेतलेला पायजमा होता. आत असलेल्या मुलाला अंगभर खाज सुटली होती आणि त्याबद्दल कोणाशी तरी बोलायला हवे होते. त्या म्हणाल्या, “ताई, साहेबांसमोर मला दोनच गोष्टी येतात. रडता येतं, नाहीतर भांडता येतं. तिसरं काही असतं का?”

तिसरे असते, आणि ते शिकता येते. ज्यांचा माणूस कोठडीत आहे, जे विभागातल्या एखाद्या मंडळात किंवा संस्थेत काम करतात, किंवा ज्यांना ही व्यवस्था सुधारावी असे मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आदराने बोलणे म्हणजे मवाळ बोलणे, असा एक समज आहे. माझा अनुभव वेगळा आहे. समोरच्या खुर्चीला नेमके काय करता येते हे जाणून घ्यावे, तेवढेच स्पष्ट शब्दांत मागावे आणि त्याची पोच घ्यावी, याला मी आदराचे बोलणे म्हणते.

आधी शब्द नीट लावावेत

संवाद बहुतेक वेळा पहिल्या वाक्यातच बिघडतो, कारण शब्द चुकतो. ज्याच्यावर खटला चालू आहे तो आरोपी असतो; त्याला गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार निकाल लागेपर्यंत कोणालाच नाही. कारागृहाच्या कागदांत त्याला न्यायाधीन बंदी म्हणतात आणि आपण बोलताना कच्चा कैदी म्हणतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते, तर जागा ४,३६,२६६ जणांची होती. त्या बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही अशा माणसांनीच जवळजवळ सगळी जागा भरली होती. ‘कैद्यांचे लाड कशाला’ असे कोणी म्हणाले, तर मी आधी एवढेच सांगते आणि थांबते.

दुसरी जोडी पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी यांची. पोलीस कोठडीत माणूस पोलीस ठाण्याच्या ताब्यात असतो, न्यायालयीन कोठडीत तो कारागृहात असतो. पोलीस कोठडीत मारहाण झाली म्हणून कारागृह अधीक्षकांशी वाद घालणे, किंवा जामीन मिळत नाही म्हणून पोलीस शिपायावर ओरडणे, यात आपला दिवस जातो आणि समोरच्या माणसाला, ‘हे माझ्याकडे येत नाही,’ असे म्हणून सुटता येते. त्याचे म्हणणे खरेही असते.

कोणत्या दारात काय मागावे

पोलीस ठाण्यात मागण्याच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या ठाम आहेत. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करणे हे संविधानाच्या अनुच्छेद २२ ने बंधनकारक केले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अटकेची कारणे सांगणे कलम ४७ मध्ये आहे, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणे कलम ४८ मध्ये, चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ मध्ये आणि अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी कलम ५३ मध्ये आहे. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करण्यास सांगितले. ठाणे अंमलदारासमोर ही कलमे भाषणासारखी म्हणू नयेत. “साहेब, यांना कोणत्या वेळी अटक दाखवली आहे, वैद्यकीय तपासणी कोठे झाली, आणि उद्या कोणत्या न्यायालयात हजर करणार आहात?” असे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत, मिळालेली उत्तरे त्यांच्यासमोरच वहीत लिहावीत आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. वाचून दाखवल्याने त्यांचाही मान राहतो आणि नोंदही पक्की होते.

मारहाण झाली असेल, तर ती सांगण्याची पहिली जागा रिमांडसाठी, म्हणजे कोठडी ठरवण्यासाठी, उभे केले जाते ते न्यायालय आहे, मग ते किल्ला कोर्ट असो, भोईवाडा असो, वांद्रे असो की कुर्ला. आरोपीने दंडाधिकाऱ्यांना स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या भाषेत सांगावे की कोणत्या दिवशी, शरीराच्या कोणत्या भागावर, कशाने मारले. आपण वकिलांना आदल्या रात्रीच ही माहिती द्यावी, कारण कोर्टात आवाज मिळायला अर्धा मिनिट असतो आणि घाबरलेला माणूस त्या अर्ध्या मिनिटात, ‘काही तक्रार नाही,’ असे म्हणून जातो.

वकील नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. मुंबईत शहर आणि उपनगर यांची प्राधिकरणे वेगळी आहेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे. मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, असे गृहीत धरून त्यांच्याशी तुटकपणे बोलणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. खटल्याचा क्रमांक, पुढची तारीख, आरोपपत्राची प्रत आणि जामीनदार होऊ शकणाऱ्या माणसाचे नाव एका कागदावर लिहून त्यांच्या हातात ठेवले, तर तेच वकील अधिक मन लावून काम करताना दिसतात.

कारागृह अधीक्षकांच्या हातात उपचार, मुलाकात, कपडे आणि बॅरक या गोष्टी असतात, आणि शिवाय एक फार महत्त्वाची गोष्ट असते जी बहुतेकांना माहीत नसते. संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, मृत्युदंडाची किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे वगळता, कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या अर्ध्या काळाइतके दिवस काढले की त्याचा जामिनावर सुटकेचा विचार होतो. पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्या माणसासाठी हा काळ एक तृतीयांश आहे. एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील, तर हा लाभ अडतो. हा काळ पूर्ण झाला की न्यायालयाला लेखी कळवण्याचे कर्तव्य याच कलमाने अधीक्षकांवर टाकले आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या प्रकरणांनाही हे कलम लागू असल्याचे स्पष्ट केले. म्हणून अधीक्षकांना भेटताना, “माझ्या भावाला सोडा,” असे म्हणू नये, कारण सोडणे त्यांच्या हातात नाही. “माझ्या भावाचा एक तृतीयांश काळ अमुक तारखेला पूर्ण झाला आहे, आपल्या कार्यालयाकडून न्यायालयाला अर्ज जाणार आहे का?” असे विचारावे. या प्रश्नाला उत्तर देणे त्यांना भाग पडते.

एका पत्राने काय झाले

आपल्या शहरातले एक उदाहरण मी नव्या कार्यकर्त्यांना नेहमी सांगते. पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये, कारागृह महानिरीक्षकांची रीतसर परवानगी घेऊन, मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या १५ महिला बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून स्वीकारले आणि निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना कारागृहात जाऊन, स्त्रियांशी एकांतात बोलून अहवाल देण्यास सांगितले. १९८३ च्या निकालात महिलांसाठी स्वतंत्र कोठडी आणि तिच्यावर महिला पोलिसांचा पहारा, अटकेची माहिती विधी सहाय्य समितीला तात्काळ कळवणे, जामिनाचा हक्क समजावून सांगणे आणि शहरातल्या कोठड्यांना न्यायाधीशांनी न कळवता भेटी देणे असे आदेश आले.

यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. परवानगी घेतली होती, त्यामुळे मुलाखतींच्या वैधतेवर वाद झाला नाही. ‘सगळ्यांना मारतात’ असे न म्हणता १५ पैकी पाच असे म्हटले होते. आणि पडताळणीला जागा ठेवली होती. न्यायालयाने दुसऱ्या माणसाला पाठवले तेव्हा सांगितलेले टिकले. अलीकडे पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ऑक्टोबर २०२४ मध्ये कारागृह नियमावल्यांतला जातिभेद सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला; झाडूकाम कोणत्या जातीला आणि स्वयंपाक कोणत्या जातीला हे सांगणारे नियम त्यांनी शब्दशः न्यायालयासमोर ठेवले होते. मूळ कागदातले वाक्य जसेच्या तसे समोर ठेवणे, एवढी साधी ही पद्धत आहे, आणि ती पोलीस ठाण्यापासून मंत्रालयापर्यंत सगळीकडे चालते.

गणवेशातल्या माणसाशी बोलताना

वीस जणांचा घोळका घेऊन पोलीस ठाण्यात जाऊ नये. दोघांनी जावे, त्यांतल्या एकाने बोलावे आणि दुसऱ्याने लिहावे. अनंत चतुर्दशीच्या किंवा सहा डिसेंबरच्या आठवड्यात, म्हणजे सगळे ठाणे बंदोबस्तात असताना, धोरणाच्या गप्पा मारायला जाऊ नये. एखाद्याची अटक झाली असेल, तर मात्र दिवस आणि वेळ पाहू नये.

शिपायाची स्थिती समजून घेणे हाही या कामाचा भाग आहे. कारागृहातून न्यायालयात न्यायला पोलीस पथक उपलब्ध झाले नाही की बंदी तारखेला पोहोचत नाही आणि खटला एका तारखेने मागे पडतो. म्हणजे पोलिसांची अपुरी संख्या आणि कैद्याची लांबलेली कोठडी हा एकच प्रश्न आहे. २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तोही पोलीस दलातल्याच एका शिपायाच्या प्रस्तावातून. “तुमची ड्युटी किती तासांची झाली आज?” हा प्रश्न मी मनापासून विचारते, आणि त्या उत्तरातून पुढचे बोलणे बहुतेक वेळा माणसासारखे होते.

पोलीस आणि नागरिक यांनी नियमित एकत्र बसण्याची परंपरा आपल्याकडे आहे. भिवंडीत १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या होत्या आणि १९९२-९३ च्या दंगलीत मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही मोहल्ला समित्यांचे काम उभे राहिले. तुमच्या विभागात अशी बैठक होत असेल, तर कोठडीतल्या सीसीटीव्हीचा विषय तेथे काढावा. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावण्याचे आणि ते चित्रण १८ महिने, अगदीच शक्य नसेल तेथे निदान एक वर्ष, जपण्याचे आदेश दिले आहेत. खोटा आरोप झाल्यास कॅमेरा पोलिसांचेही रक्षण करतो, हे त्याच बैठकीत सांगावे, कारण ते खरे आहे.

आतल्या माणसाशी आणि घरच्यांशी

याबद्दल मी सर्वांत आग्रही आहे. बंद्याला, ‘तू केलेस का?’ असे कधीही विचारू नये. ते न्यायालयाचे काम आहे, आणि मुलाकातीच्या खोलीत दिलेले उत्तर त्याच्या अंगाशी येऊ शकते. त्याने सांगितलेली तक्रार त्याच्या संमतीशिवाय कोणापुढेही नावानिशी मांडू नये. आपण निवेदन देऊन संध्याकाळी घरी जातो, त्याला मात्र त्याच बॅरकमध्ये, त्याच पहाऱ्याखाली झोपायचे असते. “हे मी बाहेर सांगितले तर तुला आत काय होईल?” हे त्याला विचारावे, आणि तो नको म्हणाला तर थांबावे. बातमी कितीही मोठी वाटली, तरी थांबावे. एकदा मी हे नीट विचारले नाही आणि त्याचा त्रास एका मुलाला झाला. ती चूक माझी होती आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

भायखळ्याच्या महिला कारागृहातल्या स्त्रियांना भेटायला अनेकदा घरचे कोणीच येत नाही. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ आत राहू शकते. मोठी मुले बाहेर कोणाकडे आहेत, शाळेत जातात का, हे विचारल्याशिवाय तिच्याशी हक्कांबद्दल बोलणे मला अपुरे वाटते. टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रयास हा प्रकल्प १९९० पासून हेच काम करत आला आहे, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने स्वतःची वेगळी चूल मांडण्याआधी अशा लोकांबरोबर काही महिने काढावेत.

जामिनाबद्दल थोडे सविस्तर. जामीन मंजूर होऊनही माणूस आतच आहे, असे मुंबईत सतत दिसते, कारण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला पगारपत्रक आणि रेशनकार्ड घेऊन उभा राहणारा जामीनदार मिळत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर दिशा दिली: जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि महिन्याभरात जामिनाची पूर्तता झाली नाही, तर न्यायालयाने अटी सैल करण्याचा विचार स्वतःहून करावा. त्याच वर्षी केंद्र सरकारची गरीब बंद्यांसाठीची योजना आली, तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद केली गेली. प्राधिकरणाच्या सचिवांना भेटून, “जामीन होऊन महिना उलटलेले किती जण आत आहेत, आणि त्यांतल्या कितींचे प्रस्ताव या योजनेत गेले?” असे विचारावे. तोंडी उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करावा; महाराष्ट्रात तो १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर माहिती ४८ तासांत देणे बंधनकारक आहे, हे अर्जाच्या डोक्यावरच लिहावे.

शेजाऱ्यांशी

सगळ्यांत अवघड संवाद आपल्या चाळीतला, आपल्या सोसायटीतला असतो. “तुमच्या घरात चोरी झाली असती तर?” असे कोणी विचारले, तर चिडू नये. कदाचित त्यांच्याकडे खरोखरच चोरी झालेली असते. आधी ते ऐकावे. तक्रारदाराला तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत कळवणे हे आता पोलिसांचे कर्तव्य आहे, लैंगिक अत्याचाराच्या पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. शेजाऱ्याला यासाठीचा अर्ज लिहून देणाऱ्या माणसाचे म्हणणे पुढे कधीतरी कैद्यांच्या बाबतीतही ऐकले जाते. खटला लवकर संपावा ही पीडिताची इच्छा असते आणि कच्च्या कैद्याचीही असते, तेथून बोलणे सुरू करता येते. सुधारणा म्हणजे परदेशी खूळ, असे वाटणाऱ्यांना मी औंध संस्थानातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरबद्दल सांगते. तेथे १९३९ साली कैद्यांना भिंतीशिवाय, शेती करत, कुटुंबासह राहू देणारी वसाहत उभी राहिली.

बोलणे खुंटले तर

कोठडीत मृत्यू झाला असेल किंवा जिवावरची मारहाण झाली असेल, तर भेटीगाठींची वाट पाहू नये. संहितेच्या कलम १९६ प्रमाणे कोठडीतल्या मृत्यूची दंडाधिकारी चौकशी होते. वकिलांना त्याच दिवशी गाठावे. एरवी निवेदनाला उत्तर आले नाही, तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे जाता येते, तेथे शुल्क लागत नाही, पण घटनेला एक वर्ष होण्याआधी जावे. पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारींसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. वर जाताना खालच्या अधिकाऱ्याला एका ओळीचे पत्र देऊन तसे कळवावे, असे मला वाटते, कारण उद्या पुन्हा त्याच दारात जायचे असते.

आता त्या मावशींच्या पत्राबद्दल. त्यांनी कोणाकडून तरी लिहून आणलेला अर्ज असा होता: “माझ्या मुलावर तुरुंगात अन्याय होत आहे, त्याचे हाल चालले आहेत, कोणी लक्ष देत नाही, तरी न्याय मिळावा.” यात खोटे काही नव्हते, पण वाचणाऱ्याने काय करावे हेही नव्हते. पदपथावरच बसून आम्ही तो पुन्हा लिहिला. वर मुलाचे नाव, बंदी क्रमांक, बॅरक आणि खटल्याचा क्रमांक घातला. खाली लिहिले: “माझ्या मुलाला तीन आठवड्यांपासून अंगभर खाज आहे व रात्री झोप लागत नाही. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून त्याची तपासणी व्हावी, आणि त्यांना आवश्यक वाटल्यास त्याला जे. जे. रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात पाठवावे, ही विनंती. झालेल्या कार्यवाहीची माहिती पुढील मुलाकातीच्या दिवशी मिळावी.” दोन प्रती काढल्या, दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. त्या दिवशी मावशी रडल्या नाहीत आणि भांडल्याही नाहीत.

पुढच्या मुलाकातीला मुलगा म्हणाला की मलम मिळाले आहे आणि खाज उतरते आहे. मी सुचवले की हेही लिहून द्यावे. मावशींना ते विचित्र वाटले, तरी त्यांनी दोन ओळी लिहून घेतल्या: औषध मिळाले, आभारी आहे. मग मुलाने आतून सांगितलेली तिसरी ओळ त्यांनी स्वतःहून घालायला लावली, की त्याच बॅरकमधल्या इतरांनाही हाच त्रास आहे, तेव्हा सगळ्यांची तपासणी एकाच दिवशी व्हावी आणि अंथरुणे उन्हात घालायला वेळ मिळावा. त्या पत्रावर मुलाचे नाव कोठेही लिहिले नाही, पहिल्या पत्राचा आवक क्रमांक तेवढा संदर्भ म्हणून दिला, आणि या वेळी खिडकीपाशी प्रत मागे घेऊन शिक्का मारून द्या, असे मावशींनीच सांगितले.